एअर फिल्टर बदलताना : ‘पिकअप’चा मोह आणि धुळीचा हिशेब

नवी मोटार घेऊन वर्ष-दोन वर्षे उलटली की तिच्यात काहीतरी सुधारणा करावी, अशी ओढ अनेक वाहनधारकांना लागते. म्युझिक सिस्टीम, अलॉय व्हील्स, दिवे यांच्यानंतर पाळी येते ती एअर फिल्टरची. हा बदल करायला वायरिंग तोडावे लागत नाही, पत्रा कापावा लागत नाही आणि काम अर्ध्या तासात होते. ‘पिकअप वाढेल, ॲव्हरेज सुधारेल आणि फिल्टर पुन्हा विकत घ्यावा लागणार नाही’, अशी तीन आश्वासने या फिल्टरसोबत हमखास दिली जातात. या आश्वासनांत तथ्य किती आणि त्यांच्या बदल्यात इंजिनाला काय मोजावे लागू शकते, हे पैसे देण्यापूर्वी समजून घेणे आवश्यक आहे. इंजिनात शिरलेली धूळ त्या दिवशी काहीच जाणवू देत नाही. तिचे बिल काही हजार किलोमीटरनंतर येते.

फिल्टरचे मूळ काम

पेट्रोल इंजिनात एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण पाऊण किलो धरले, तर त्यासाठी जवळपास अकरा किलो, म्हणजे सुमारे नऊ हजार लिटर हवा खर्ची पडते. लिटरला १५ किलोमीटर धावणारी मोटार दहा हजार किलोमीटरच्या प्रवासात साधारण साठ लाख लिटर हवा ओढून घेते. ही सर्व हवा बॉनेटखालच्या एका काळ्या प्लॅस्टिकच्या पेटीतून आणि तिच्यात बसवलेल्या घडीदार फिल्टरमधून जाते.

रस्त्यावरील धुळीत सिलिकाचे, म्हणजेच वाळूचे कण मोठ्या प्रमाणात असतात. खनिजांची कठिणता मोजण्याच्या मोहस मापनश्रेणीवर सिलिका सातव्या क्रमांकावर आहे. सिलिंडरच्या भिंती ज्या ओतीव लोखंडाच्या असतात, त्याच्यापेक्षा हे कण अधिक कठीण. पिस्टन रिंग आणि सिलिंडर यांच्यामध्ये तेलाचा जो थर असतो, त्याची जाडी अवघी काही मायक्रॉन असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून हा थर किती पातळ आहे याची कल्पना येईल. पाच ते वीस मायक्रॉनचे कण डोळ्यांना दिसत नाहीत. पण तेच या फटीत अडकून दोन्ही बाजूंना पॉलिश पेपरासारखे घासतात. परिणामी कॉम्प्रेशन उतरते, इंजिन ऑइल खाऊ लागते, धूर दिसू लागतो आणि अखेर इंजिनाचे काम निघते. टर्बो असलेल्या इंजिनांत हीच धूळ टर्बोच्या वेगाने फिरणाऱ्या पात्यांच्या कडाही झिजवते.

म्हणूनच फिल्टरचे पहिले काम धूळ अडवणे हे आहे. हवा सुलभपणे जाऊ देणे हे त्याचे दुसरे काम होय. फिल्टर बदलण्याचा निर्णय घेताना हा क्रम उलटा होऊ नये.

बाजारात मिळणारे तीन प्रकार

मोटार उत्पादकाव्यतिरिक्त इतर कंपन्यांनी तयार केलेल्या सुट्या भागांना ‘आफ्टरमार्केट’ भाग म्हटले जाते. एअर फिल्टरच्या बाबतीत त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार आढळतात.

पहिला प्रकार कागदी फिल्टरचा. बॉश, मान, प्युरोलेटर यांसारख्या कंपन्या मूळ फिल्टरच्याच आकाराचे आणि मापाचे कागदी फिल्टर तयार करतात. किंमत बहुधा काहीशे रुपयांत असते. यात शक्ती वाढविण्याचा दावा नसतो. झिजलेल्या भागाच्या जागी तसाच नवा भाग, एवढाच हेतू असतो.

दुसरा प्रकार तेल लावलेल्या सुती कापडाच्या फिल्टरचा. जाळीच्या दोन थरांमध्ये सुती कापडाच्या घड्या बसवून त्यावर विशिष्ट तेल लावलेले असते. धुळीचे कण या तेलाला चिकटतात. असे फिल्टर जगभर लोकप्रिय करण्याचे श्रेय प्रामुख्याने अमेरिकेतील ‘के अँड एन’ या कंपनीकडे जाते. केन जॉन्सन आणि नॉर्म मॅक्डोनाल्ड यांनी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे ती स्थापन केली. हे फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतात. किंमत मात्र काही हजारांच्या घरात जाते. मूळ पेटीतच बसणाऱ्या या चपट्या फिल्टरला विक्रेते ‘ड्रॉप-इन’ म्हणतात.

तिसरा प्रकार शंकूच्या आकाराच्या उघड्या फिल्टरचा. यात मूळ पेटीच काढून टाकली जाते आणि इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या टोकाला फिल्टर बसवला जातो. तरुण वाहनधारकांमध्ये याचे आकर्षण सर्वाधिक आहे आणि जोखीमही यातच सर्वाधिक आहे.

पिकअप खरोखर वाढतो का?

समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. फिल्टरमधून जाताना हवेला अडथळा होतो आणि हा दाब किंचित कमी होतो. समजा, इंजिन पूर्ण जोरात चालत असताना स्वच्छ कागदी फिल्टरमुळे एक किलोपास्कल दाब कमी झाला आणि नव्या फिल्टरने तो अडथळा निम्म्यावर आणला, तर हाती लागलेला फायदा अर्ध्या टक्क्याचा. ८५ अश्वशक्तीच्या मोटारीत हा फरक अर्ध्या अश्वशक्तीहूनही कमी भरेल. गाडी चालविणाऱ्याला तो जाणवणे कठीण आहे.

शिवाय हा फायदाही ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतानाच मिळतो. शहरातल्या रहदारीत पेट्रोल मोटारीचा थ्रॉटल बहुतांश वेळ अर्धवटच उघडलेला असतो. त्या स्थितीत हवेला खरा अडथळा थ्रॉटलच्या झडपेचा असतो. फिल्टरचा अडथळा त्यापुढे नगण्य ठरतो. सिग्नलमागून सिग्नल पार करणाऱ्या मोटारीत कोणता फिल्टर आहे, याने पिकअपमध्ये फरक पडत नाही, तो यामुळेच.

मग फिल्टर बदलल्यावर ‘गाडी पळते’ असे का वाटते? याची कारणे प्रामुख्याने दोन. एक म्हणजे अनेकदा जुना फिल्टर पूर्ण चोंदलेला असतो. त्याजागी साधा नवा कागदी फिल्टर घातला असता तरी फरक जाणवलाच असता. दुसरे कारण आवाजाचे. मूळ पेटी हवा ओढण्याचा आवाज दाबण्यासाठीही घडवलेली असते. ती काढली की इंजिनाचा घुमार वाढतो आणि कान त्यालाच शक्ती समजतात.

उघड्या शंकूच्या बाबतीत तर शक्ती घटण्याचीच शक्यता अधिक. मूळ पेटीची नळी बहुधा पुढच्या ग्रिलजवळून बाहेरची थंड हवा घेते. उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. बाहेर ३५ अंश सेल्सिअस तापमान असताना बॉनेटखाली ६० अंश असेल, तर त्याच आकारमानातील हवेचे वजन सुमारे साडेसात टक्क्यांनी कमी भरते. अर्धा टक्का मिळविण्यासाठी साडेसात टक्के गमावण्याचा हा व्यवहार आहे.

ॲव्हरेजचे आश्वासन

फिल्टर आणि इंधन यांचे नाते जुन्या कार्बोरेटरच्या काळात निश्चित होते. हवा कमी पडली की मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढत असे आणि ॲव्हरेज घसरत असे. इंधन इंजेक्शनच्या मोटारींत संगणक हवेच्या प्रमाणात इंधन सोडतो आणि एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने ते सतत दुरुस्त करतो.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये यासंबंधीच्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधुनिक पेट्रोल मोटारींमध्ये चोंदलेला फिल्टर बदलून नवा घातल्याने ॲव्हरेजमध्ये लक्षणीय फरक पडत नाही, वेग घेण्याची क्षमता मात्र सुमारे ६ ते ११ टक्क्यांनी सुधारते, असे त्यात आढळले. कार्बोरेटरच्या जुन्या मोटारीत मात्र इंधनाची थोडी बचत झाली. चोंदलेल्या फिल्टरची ही कथा असेल, तर स्वच्छ कागदी फिल्टर काढून महागडा फिल्टर घातल्याने ॲव्हरेज वाढेल, या दाव्याला आधार उरत नाही.

दीड टक्का की चौपट?

फिल्टरची चाचणी कशी घ्यावी, हे ‘आयएसओ ५०११’ या आंतरराष्ट्रीय मानकात ठरवून दिलेले आहे. प्रमाणित धूळ मोजून हवेत सोडली जाते आणि तिच्यापैकी किती अडवली गेली, किती पार झाली, याची टक्केवारी काढली जाते. या टक्केवारीकडे पाहताना ग्राहकाची गफलत होण्याची शक्यता असते.

समजा, एक फिल्टर ९९.५ टक्के धूळ अडवतो आणि दुसरा ९८ टक्के. दीड टक्क्याचा हा फरक किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात पहिल्या फिल्टरमधून शेकडा अर्धा भाग धूळ आत जाते, दुसऱ्यातून दोन भाग. इंजिनाच्या दृष्टीने ही धूळ चौपट आहे. फिल्टर निवडताना अडवलेल्या धुळीची नव्हे, पार झालेल्या धुळीची तुलना करावी, ती यासाठी.

गुळगुळीत डांबरी रस्त्यावर आणि पावसाने धुतलेल्या हवेत हा फरक फारसा जाणवणार नाही. पण ज्या शहरांत वर्षाचे आठ महिने मेट्रोची, उड्डाणपुलांची आणि इमारतींची कामे चालू असतात, किंवा ज्यांना गावाकडे कच्च्या रस्त्याने नियमित जावे लागते, त्यांच्यासाठी हा हिशेब निर्णायक आहे. स्पर्धेच्या मोटारीचे इंजिन वरचेवर उघडले जाते; कुटुंबाच्या मोटारीचे इंजिन दहा-पंधरा वर्षे चालावे, अशी अपेक्षा असते. एकाला परवडणारी झीज दुसऱ्याला परवडेलच असे नाही.

तेल, सेन्सर आणि पावसाचे पाणी

सुती फिल्टरवर तेल जास्त लागले, तर ते हवेसोबत पुढे उडते. ज्या मोटारींत ‘मास एअर फ्लो’ सेन्सर असतो, तिथे हे तेल त्याच्या तापलेल्या सूक्ष्म तारेवर किंवा पट्टीवर बसते. वाहत्या हवेमुळे ही तार किती थंड होते, यावरून संगणक हवेचे वजन ठरवतो. तारेवर तेल आणि धुळीचे पुट चढले की सेन्सर हवा कमी असल्याचे सांगतो, इंधन कमी सोडले जाते आणि इंजिन अडखळू लागते. डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो आणि स्कॅनरवर अनेकदा ‘पी ०१७१’, म्हणजे मिश्रणात इंधन कमी असल्याचा संकेत दिसतो. अनेक लहान मोटारींत या सेन्सरऐवजी दाब मोजणारा ‘मॅप’ सेन्सर असतो. त्याला हा धोका तुलनेने कमी. आपल्या मोटारीत कोणता सेन्सर आहे, हे सर्व्हिस सेंटरमध्ये विचारून मगच निर्णय घ्यावा.

थंड हवेसाठी नळी लांबवून फिल्टर खाली बंपरच्या आड बसविण्याची पद्धतही आहे. महाराष्ट्रातील पावसाळ्यात ती धोक्याची ठरते. मूळ नळीचे तोंड शक्यतो उंचावर ठेवलेले असते, ते पाण्याचा विचार करूनच. पाणी दाबले जात नसल्याने ते सिलिंडरमध्ये शिरताच पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाण्यात अडकलेल्या असंख्य मोटारींच्या मालकांना हा धडा महागात पडला. अशा नुकसानीसाठी सर्वसाधारण विमा पुरेसा नसतो. बहुतांश विमा कंपन्या इंजिन संरक्षणाची जोड योजना स्वतंत्रपणे देतात.

फिल्टर कसा बसवावा?

कागदी असो वा सुती, मूळ पेटीत बसणारा चपटा फिल्टर घरीही बदलता येतो. लागणारी हत्यारे म्हणजे एक स्क्रू ड्रायव्हर आणि दोन स्वच्छ फडकी. काम मात्र सावकाश करावे.

१. मोटार सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा. किल्ली काढून इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे.

२. बॉनेटखालील काळी पेटी शोधावी. जाड, घड्यांची रबरी नळी तिला जोडलेली असते. डॅशबोर्डमागे असणारा केबिन फिल्टर वेगळा. तो एसीची हवा गाळतो. या दोहोंत गल्लत होऊ देऊ नये.

३. पेटीच्या क्लिप किंवा स्क्रू सोडवावेत. झाकणावर सेन्सरची वायर असल्यास तिला ताण देऊ नये. प्लॅस्टिकच्या क्लिपला जोर लावल्यास ती तुटते आणि मग झाकण कधीच घट्ट बसत नाही.

४. जुना फिल्टर काढण्यापूर्वी त्याची दिशा लक्षात ठेवावी. मोबाईलवर छायाचित्र घेणे उत्तम.

५. फिल्टर काढल्यावर पेटीचा इंजिनाकडील भाग बोटाने तपासावा. तिथे धूळ आढळल्यास जुना फिल्टर कडेने गळत होता, असे समजावे.

६. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडात स्वच्छ फडके ठेवून पेटी ओलसर कापडाने पुसावी. तिथे कॉम्प्रेसरची हवा मारू नये. धूळ थेट इंजिनात जाते. पुसून झाल्यावर नळीतले फडके न विसरता काढावे.

७. जुना आणि नवा फिल्टर शेजारी ठेवून लांबी, रुंदी, उंची आणि रबरी कडेची जाडी जुळवून पाहावी. कडेचे रबर दोन मिलिमीटरने जरी कमी असले, तरी तेवढ्या फटीतून न गाळलेली हवा आत जाते. फिल्टर कितीही उत्तम असला, तरी मग त्याचा उपयोग नाही.

८. फिल्टर खाचेत चारही बाजूंनी समान बसवावा, झाकण लावावे आणि प्रत्येक क्लिप अडकल्याची खात्री करावी. नळीचे क्लॅम्पही तपासावेत.

९. इंजिन सुरू करून दोन मिनिटे तसेच चालू ठेवावे. फुसफुस आवाज, अडखळणे किंवा ‘चेक इंजिन’चा दिवा यांकडे लक्ष द्यावे.

१०. हजार किलोमीटर धावल्यावर पेटी पुन्हा उघडून इंजिनाकडील बाजू पांढऱ्या फडक्याने पुसावी. फडके स्वच्छ निघाले, तर काम योग्य झाले. त्यावर मातकट डाग उमटल्यास तो फिल्टर वापरात ठेवू नये.

ही दहावी पायरी बहुतेक जण गाळतात. कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक विश्वसनीय साक्ष हे पांढरे फडके देते. ज्यांना आणखी खात्री हवी, त्यांना ऑइल बदलताना जुन्या ऑइलची प्रयोगशाळेत तपासणी करून घेता येते. त्यात सिलिकॉनचे प्रमाण वाढलेले आढळले, तर धूळ आत जात असण्याची शक्यता बळावते. ट्रक आणि खाणकामातील यंत्रांसाठी ही पद्धत नित्याची आहे.

निगा आणि खर्च

कागदी फिल्टरवर धुळीचा पातळ थर साचला की त्याची गाळण्याची क्षमता उलट वाढते, ही बाब अनेकांना ठाऊक नसते. त्यामुळे दर महिन्याला फिल्टर काढून त्याला हवा मारणे हितकारक नाही. जोरदार झोताने कागदाला सूक्ष्म छिद्रे पडतात आणि दर वेळी रबरी कड सैल होते. झटकणे आवश्यकच असेल, तर हवेचा दाब कमी ठेवून स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे झोत सोडावा. मोटारीच्या पुस्तिकेत तपासणी आणि बदलाचे अंतर दिलेले असते. धुळीच्या भागात ते कमी धरावे, असेही तिथे बहुधा नमूद असते.

सुती फिल्टर ‘आयुष्यभर’ चालतो तो निगा राखली तरच. त्याच्यासाठी मिळणाऱ्या द्रावणाने तो भिजवावा, कमी दाबाच्या पाण्याने स्वच्छ बाजूकडून धुवावा आणि सावलीत पूर्ण वाळू द्यावा. ड्रायर किंवा कॉम्प्रेसर वापरू नये. वाळल्यावर प्रत्येक घडीवर मोजकेच तेल लावून ते समान पसरेपर्यंत थांबावे. तेल कमी पडले तर धूळ पार होते, जास्त झाले तर सेन्सर खराब होतो. रोज मोटार लागणाऱ्या घरात वाळवण्याच्या काळासाठी दुसरा फिल्टर हाताशी ठेवावा लागतो.

खर्चाचा हिशेबही करून पाहावा. समजा, कागदी फिल्टर चारशे रुपयांना मिळतो, वीस हजार किलोमीटर चालतो आणि सुती फिल्टरला पाच हजार रुपये पडतात. मग धुण्याचे द्रावण व तेल फुकट मिळाले असे मानले, तरी खर्च वसूल व्हायला अडीच लाख किलोमीटर धावावे लागेल. बहुतांश खासगी मोटारी तत्पूर्वीच विकल्या जातात.

खरेदी पुण्यातील नाना पेठेत करावी की दिल्लीच्या काश्मिरी गेटमध्ये, की सर्व्हिस सेंटरमध्ये, हा सोयीचा प्रश्न आहे. पक्के बिल आणि पार्ट नंबर यांची पडताळणी मात्र टाळू नये. सुट्या भागांच्या बाजारात नकली मालाचा सुळसुळाट जुना आहे आणि एअर फिल्टर हा सहज नक्कल होणारा भाग आहे.

वॉरंटी आणि कायदा

वॉरंटीच्या काळात बाहेरचा फिल्टर बसवण्यापूर्वी वॉरंटी पुस्तिकेतील अटी वाचाव्यात. इंजिनातील बिघाड बाहेरच्या भागामुळे झाला, असे निष्पन्न झाल्यास दावा नाकारला जाऊ शकतो. जुना फिल्टर आणि नव्याचे बिल जपून ठेवणे यासाठीही उपयोगी पडते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल, असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मूळ पेटीत बसणाऱ्या फिल्टरने नोंदणीपत्रातील कोणताही तपशील बदलत नाही. पेटीच काढून टाकणे ही मात्र वेगळी बाब आहे. मोटारीला मिळालेली प्रदूषण आणि आवाजाविषयीची मंजुरी ही उत्पादकाने घडविलेल्या संपूर्ण रचनेला असते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ निकष लागू झाल्यानंतरच्या मोटारींत हवा, इंधन आणि एक्झॉस्ट यांची सांगड अधिक काटेकोर असल्याने अशी छेडछाड लगेच दिव्याच्या रूपाने समोर येते.

निर्णय कोणासाठी कोणता?

रोज कार्यालयात जाणाऱ्या, वर्षातून दोन-चारदा गावी जाणाऱ्या कुटुंबाच्या मोटारीसाठी खात्रीच्या कंपनीचा कागदी फिल्टर हाच योग्य पर्याय ठरतो. वेळेवर बदललेला हा फिल्टर पिकअपची अपेक्षाही पुरी करतो. निगा राखण्याची हौस आणि वेळ असेल, मोटारीत मास एअर फ्लो सेन्सर नसेल आणि प्रवास मुख्यतः चांगल्या रस्त्यांवर होत असेल, तर सुती ड्रॉप-इन फिल्टरचा विचार करता येईल. उघडा शंकू मात्र ट्रॅकवर धावणाऱ्या मोटारींसाठीच सोडून द्यावा. निवड कोणतीही केली, तरी हजार किलोमीटरनंतर पेटी उघडून पांढरे फडके फिरवण्यास विसरू नये.